भोंग्यानं मोजलेल्या गाड्या

मी आजवर बऱ्याच जणांविरुद्ध पत्रकं काढली. नळाला मोटर लावून अख्ख्या गल्लीचं पाणी ओढणाऱ्यांविरुद्ध, शाळेच्या पटांगणात कडब्याच्या गंज्या रचणाऱ्यांविरुद्ध, हात दाखवला तरी एसटी न थांबवणाऱ्यांविरुद्ध. त्यातलं एकही मी मागे घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. एक सोडून. ते एक साफ खोटं होतं. ते खोटं का निघालं हे सांगायचं तर तुरीच्या दाण्याएवढ्या एका पिवळ्या टिकलीपासून सुरुवात करावी लागते. ती टिकली मी लावली नव्हती. लाव म्हणून सांगितलं होतं तरी लावली नव्हती. तत्त्व म्हणून लावली नव्हती.

आमचं गाव नेरच्या रस्त्यावर. ती कापसाची वाईट वर्षं होती. पेपरवाले जीप घेऊन यायचे आणि रडणारा माणूस दाखवा म्हणायचे. आम्ही रडत नव्हतो, चिडलो होतो. पण चिडलेल्या माणसाचा फोटो चांगला येत नाही म्हणे. त्यामुळे आमचा फोटो कधी आला नाही.

चिडण्याचं कारण साधं होतं. गावाबाहेर कापूस खरेदीचं केंद्र, केंद्रात वजनाचा काटा एक, आणि फाटकापासून नाल्याच्या पुलापर्यंत बैलगाड्यांची रांग. आमच्याकडं गाडीला बंडी म्हणतात. आज रांगेत लागलेल्या बंडीचा नंबर परवा यायचा. माणसं बंडीखाली झोपायची, बैल उभ्या उभ्या म्हातारे व्हायचे. आमची मागणी एकाच ओळीची होती: दुसरा काटा बसवा.

आदल्या वर्षी यवतमाळहून कापूस खरेदीचे मोठे साहेब आले होते. मी त्यांना सांगितलं, एका काट्यावर दिवसाला वीस-पंचवीसच गाड्या मोजून होतात. केंद्रप्रमुख खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा बोकणा, गालात सारून म्हणाले, "साहेब, साठ होतात. रांग त लोकं हौसेनं लावतेत." पावतीपुस्तक मागितलं तर ते वर तपासणीला गेलेलं. ते कायम वर तपासणीला गेलेलंच असायचं. साहेब म्हणाले, "ताई, तोंडी आकड्याला काय अर्थ आहे? पुढच्या वर्षी पक्का आकडा दाखवा, मग बघू."

पक्का आकडा! मी तिथंच ठरवलं. मी पुसदला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाची दोन वर्षं काढून आले होते. तिसरं का काढलं नाही याचं वेगळं पत्रक आहे. साहेब या वर्षी शनिवारी येणार असं कळलं, तेव्हा मी सोमवारी मोजणीचं यंत्र करायला घेतलं. माणूस खोटा पडतो, यंत्र पडत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ती मी पत्रकात छापलीही होती, ठळक टाइपात.

यंत्र म्हणजे काय, तर लाकडी पाटीवर लाल दिव्यांचे तीन मोठे आकडे. एकं, दहं, शतं. प्रत्येक आकड्याच्या मागं एक चिप, म्हणजे आयसी. काट्यावरून गाडी उतरली की फाटकापाशी बसलेल्या माणसानं दारावरच्या घंटीचं बटण एकदा दाबायचं. दाबलं की तारेतून एक ठोका येतो, चिप एक घर पुढं सरकते, आकडा एकानं वाढतो. बस. यात न समजण्यासारखं काही नाही. केंद्रप्रमुखांनाही समजलं होतं.

डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, मी बसस्टँडजवळच्या चाचांच्या दुकानात बसले. चाचा रेडिओ, टेप, पंपाचे स्टार्टर, लग्नातले भोंगे, सगळं दुरुस्त करायचे. शाळेत असल्यापासून मी तिथल्या स्टुलावर बसून डाग द्यायला शिकले. चाचांना दोन गोष्टी सहन व्हायच्या नाहीत: कच्चा डाग आणि माझी भाषणं. डाग ते सुधारायचे.

माझी पाटी उलटी करून त्यांनी नाकावरचा चष्मा वर ढकलला.

"बेटा, टिकल्या कुठी गेल्या?"

"कोणत्या टिकल्या?"

"हर आयसीच्या पायाशी एक टिकली लागते. कॅपॅसिटर. आन् सुरुवातीले एक मोठा डबा. नाही लावली त आयसी चमकते."

"कायले चमकन? बॅटरी चांगली ट्रॅक्टरची आहे."

"बॅटरी कितीबी चांगली राहू दे. हर एकाले आपल्या दारात थोडंसं साठवून ठेवा लागते."

मी उसळले. म्हणजे प्रत्येक चिपला स्वतःचा खासगी साठा? इथं आमचा सगळा झगडा साठेबाजीविरुद्ध, आणि मी माझ्याच पाटीवर तीन साठेबाज बसवू? एक बॅटरी, एक तार, ज्याला जेवढं लागेल तेवढं त्यानं घ्यावं. मी चाचांना समतेवर दहा मिनिटं ऐकवलं. चाचांनी तेवढ्यात एका टेपचा पट्टा बदलला आणि म्हणाले, "झालं तुह्यं? टिकली लाव."

मी लावली नाही. दुकानात यंत्र झकास चाललं. बटण दाबलं, एक. दाबलं, दोन. चाचा म्हणाले, "दुकानात सगळंच चालते बेटा."

बुधवारी सकाळी आम्ही पाटी फाटकाच्या खांबाला बांधली. भारनियमन दिवसाचं, त्यामुळे वीज गृहीत धरण्याचा प्रश्नच नव्हता. ट्रॅक्टरची बॅटरी लिंबाखाली ठेवली. तिच्यावरून दोन तारा काढल्या, त्याच तारांवर आमचा भोंगा जोडला, त्याच पुढं नेऊन पाटीला जोडल्या. वेगळी तार कशाला? एकच आंदोलन, एकच तार.

बटणावर आबाजी बसले. आबाजी म्हणजे रांगेतलेच एक म्हातारे शेतकरी. त्यांची बंडी पुलापाशी होती, नंबर शुक्रवारच्या आधी येत नव्हता, आणि बैलांकडं बघून बघून ते कंटाळले होते. बटण हातात दिल्यावर त्यांनी ते आधी धोतराला पुसलं.

"एका बंडीले एकडाव दाबाचं?"

"एकडावच."

"आन् दोन बैलाची असन त?"

"आबाजी, सगळ्याच दोन बैलांच्या आहेत."

"बराबर हाये," म्हणाले आणि मांडी घालून बसले.

दहा वाजेपर्यंत सगळं नीट होतं. काट्यावरून चार गाड्या उतरल्या, पाटीवर चार. रांगेतली माणसं कौतुकानं बघून गेली. मग मी भोंग्याचा माईक हातात घेतला आणि पाटीकडं पाठ करून रांगेकडं तोंड केलं. सभेचा नियम आहे, लोकांकडं तोंड करून बोलावं.

"दुसरा काटा!" मी म्हटलं.

"बसलाच पाहिजे!" रांग म्हणाली.

मी त्या दिवशी चांगलं बोलले. दुपारी पुन्हा बोलले. चहानंतर पुन्हा. मध्ये एकदा आबाजी मागून म्हणाले, "पोरी, तू बोलून राह्यली त थो आकडा—" मी म्हटलं, "आबाजी, भाषणात मधात बोलू नका." ते गप्प बसले. फार शिस्तीचा माणूस.

संध्याकाळी केंद्र बंद झालं. मी वळून पाटीकडं बघितलं. एकसष्ट.

मी डोळे चोळले. एकसष्टच. रांग सकाळी पुलापर्यंत होती, संध्याकाळीही जवळपास पुलापर्यंतच होती. एकसष्ट गाड्या मोजून झाल्या असत्या तर पुलावर कुत्रं राहिलं नसतं.

केंद्रप्रमुख फाटकाबाहेर आले. पाटी वाचली. खर्रा थुंकायला विसरले, इतके खूश झाले.

"वा ताई! मी साठ म्हणो, तुमची मशीन एकसष्ट म्हणते. एक माह्यापेक्षा जास्तच."

आता बघा. माझं म्हणणं काटा हळू चालतो. माझ्या स्वतःच्या यंत्राचं म्हणणं काटा धावतो. माझ्याच पाटीवर, माझ्याच लाल अक्षरात. शनिवारी साहेबांनी हे वाचलं की दुसरा काटा गेला, पुढच्या वर्षावर नाही, कायमचाच.

मला पहिला संशय आबाजींचा आला. होय, आला. आज लिहितानाही कान तापतात.

"आबाजी, तुमचं बोट थरथरते का?"

"काहून?"

"एकदा दाबायच्या ऐवजी दोन-तीनदा दाबलं जात असन."

आबाजींनी माझ्याकडं बघितलं. कमरेची चुन्याची डबी काढली, टोपण उघडलं, माझ्यापुढं धरली. आत सरक्या होत्या. कापसातलं बी, सरकी, आमच्याकडं जमिनीवर पडलेलीच असते.

"एक बंडी उतरली का एक सरकी. मोज."

मोजल्या. बावीस.

"माह्यं बोट नाही थरथरत. तुह्यी मशीन थरथरते."

"आबाजी, सरकी हा पुरावा होत नाही," मी म्हटलं. शब्दशः हेच म्हटलं. आबाजींनी डबीचं टोपण लावलं. टोपण लावताना आवाज फार होतो, जर लावणारा रागावला असेल तर.

पण दुसऱ्या दिवशी ते आले. बटण मी नवीन आणलं होतं. त्यांनी ते पुन्हा धोतराला पुसलं. सरक्यांसाठी आज तंबाखूची डबी आणली होती, कारण चुन्याच्या डबीत बुधवार भरलेला होता.

गुरुवारी मी आदल्या दिवसापेक्षा जास्त चिडलेली होते, म्हणून जास्त बोलले. पाटीवर चौऱ्याऐंशी.

केंद्रप्रमुखांनी मला फाटकापर्यंत येऊन चहा पाजला. चहा पिताना सांगितलं की त्यांनी यवतमाळला पत्र पाठवलं आहे: आंदोलकांच्याच यंत्रानुसार बुधवारी एकसष्ट, गुरुवारी चौऱ्याऐंशी गाड्यांची मोजणी झाली असून दुसऱ्या काट्याची आवश्यकता दिसून येत नाही. "तुमचं नाव वरतंच टाकलं ताई. मेहनत तुमची हाये."

तिथंच मला दुसरा संशय आला. फायदा कोणाचा? यांचा. यंत्राजवळ दिवसभर कोण? यांचे चौकीदार. पुरावा? पुरावा छापखान्यात जाईपर्यंत सापडेल असं वाटलं. मी सायकल काढली, नेरला गेले, आणि अंधार पडायच्या आत पत्रक छापून आणलं. मथळा होता: यंत्रात घुसलेला हात कोणाचा? खाली सव्वा पान. उत्तर सव्वा पानात नव्हतं, पण केंद्रप्रमुखांच्या दिशेनं बोट स्पष्ट होतं.

शुक्रवारी सकाळी ते वाटलं. केंद्रप्रमुखांनी एक प्रत मागून घेतली आणि ऑफिसच्या भिंतीवर चिकटवली. "पत्रक माह्या विरोधात, आकडा माह्या बाजूनं," ते म्हणाले. "लिहीत जा ताई. अक्षर चांगलं हाये."

मी पाटी सोडवली, सायकलच्या कॅरियरला बांधली आणि चाचांच्या दुकानात आणली. बॅटरी लावली, बटण दाबलं. एक. दोन. तीन. सज्जनासारखी चालली.

"दवाखान्यात आलं का दुखणं पळते," चाचा म्हणाले. त्यांनी पाटी उलटी केली आणि टिकल्या नसलेल्या जागा बोटानं मोजल्या. एक, दोन, तीन. दुकानाचं अर्धं शटर ओढलं, झोळीत मोटरसायकलच्या इंडिकेटरचा एक बल्ब, तारेचे तुकडे, डागाची सळई, पक्कड आणि एक कागदी पुडी टाकली आणि लुना काढली. पाटी मांडीवर धरून मी मागं बसले.

फाटकापाशी आल्यावर चाचांनी पाटी जशी होती तशी जोडायला सांगितली. मग भोंगा आणि पाटी यांच्या सामाईक तारेवर एक बारका बल्ब जोडला, पाटीच्या बाजूला लटकवला आणि लिंबाखाली बसले. बल्ब पिवळा पेटला. पाटीवर शून्य.

"आता गप राह्य," ते मला म्हणाले.

मला ते अवघड गेलं, पण राहिले. काट्यावरून दोन गाड्या उतरल्या. आबाजींनी दोनदा दाबलं. पाटीवर दोन. बल्ब शांत.

"आता बोल."

"काय बोलू?"

"जे बोलते थेच बोल. आन् तोंड इकडं करून बोल. लोकाईनं तुले पाह्यलेलं हाये."

मी पहिल्यांदाच पाटीकडं तोंड करून माईक धरला. "दुसरा काटा—"

"काटा"च्या "का"वर बल्ब मिचकला. पाटीवर तीन.

"बसलाच पाहिजे!" रांग ओरडली. रांगेला भोंगा नव्हता, बल्ब ढिम्म राहिला.

"अजून."

"दुसरा काटा!" मी जरा जोरात म्हटलं. बल्ब दोनदा मिचकला. पाच.

"हॅलो म्हण."

"हॅलो." सहा.

"हळू म्हण."

"हॅलो," मी कुजबुजले. सहा. बल्ब हलला नाही.

"आता थे नळाच्या मोटरवालं म्हण. गेल्या साली म्हणत होती थे."

ते माझं सगळ्यात गाजलेलं होतं. मी पूर्ण दमानं म्हटलं, "गल्लीचं पाणी ओढणाऱ्यांचा—" आणि पाटी सहावरून अकरावर गेली.

रांगेत कोणीतरी हसलं. मग सगळी रांग हसली. एक जण म्हणाला, "अबे, बैल कायले जुंपता, हिले बोलू द्या, साऱ्या बंड्या मोजून होतेत!"

आबाजी हसले नाहीत. ते बटणावर बसून माझ्याकडं बघत होते. "बुधवारीच सांगत होतो," ते म्हणाले. "तू म्हटलं मधात बोलू नका."

चाचांनी मला लिंबाखाली बसवलं. "पाह्य. तू नळाच्या मोटरवाल्याईवर पत्रक काढलं होतं ना? एका घरानं मोटर लावली का बाकीच्या घरी काय येते?"

"सूं सूं हवा."

"तुह्या तारेवर मोटर कोण हाये?"

मी भोंग्याकडं बघितलं. भोंगा माझ्याकडं बघत होता.

"तू वरडते, भोंगा बॅटरीतून घोट घेते. तार एकच, थेबी बारकी. पाटीकडं जायचा दाब खाली येते. आयसीले वाटते, बटण दाबलं. थे बिचारी एक मोजते. तिची काय चूक? आता प्रत्येक घरी रांजण राह्यला असता त? दाब गेला तरी घरात पाणी राह्यलं असतं. थो रांजण म्हणजे टिकली. साठेबाजी नाही बेटा. रांजण."

मी चार दिवस ज्याला साठेबाजी म्हणत होते तो रांजण होता, आणि ज्याला समता म्हणत होते ती मोटर होती. मोटर मी होते. माझ्याविरुद्ध माझंच पत्रक निघालेलं होतं, आणि ते मी मागं घ्यायला तयार नव्हते, कारण पत्रक बरोबर होतं.

चाचांनी तिथंच, मेलेल्या रेडिओतून काढून पुडीत आणलेल्या तीन टिकल्या लावल्या. प्रत्येक चिपच्या पायाला अगदी चिकटून एक. पाटीच्या तोंडाशी अंगठ्याएवढा मोठा कॅपॅसिटर, त्याच्या आधी वीज एकाच दिशेनं जाऊ देणारी एक छोटी झडप, म्हणजे रांजणातलं पाणी मोटर उलटं ओढू शकणार नाही. डाग द्यायची लोखंडी सळई चहावाल्याच्या शेगडीत तापवली. शेवटी भोंग्याची तार वेगळी आणि पाटीची वेगळी, दोन्ही थेट बॅटरीच्या डोक्यापासून.

मी बोलले. मी ओरडले. मी मोटरवाल्यांवरचं पूर्ण म्हटलं. पाटी अकरावर बसली होती ती बसलीच. पुढची गाडी उतरली, आबाजींनी दाबलं, बारा.

चाचांनी हात पुसले. त्या दिवसाइतके समाधानी मी त्यांना क्वचितच बघितलं. पाटीच्या मागं त्यांनी खिळ्यानं बारीक अक्षरात स्वतःची खूण कोरली, जी ते फक्त आवडलेल्या कामावर कोरायचे. त्याच दुपारी आबाजींची बंडीही काट्यावर गेली. स्वतःच्या बंडीसाठी बटण त्यांनी स्वतःच पळत येऊन दाबलं, मग परत जाऊन कापूस उतरवला.

आता सगळं नीट झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. चाचांच्या दुकानातून सायकल घेऊन अर्ध्या रस्त्यात गेले आणि मग लक्षात आलं: एकसष्ट आणि चौऱ्याऐंशी यवतमाळला पोचलेले आहेत. माझ्या नावानिशी. उद्या साहेब येतील, पाटी तेवीस-चोवीस दाखवेल, आणि केंद्रप्रमुख म्हणतील, साहेब, आज आंदोलनामुळे काम मंदावलं, परवा बघा, यांचंच यंत्र, चौऱ्याऐंशी. यंत्र आता खरं बोलत होतं. परवा ते खोटं बोललं होतं हे दाखवायचं तर ते पुन्हा खोटं बोलायला हवं होतं.

शनिवारी साहेब अकरा वाजता आले. जीपमधून उतरतानाच त्यांच्या हातात केंद्रप्रमुखांचं पत्र होतं.

"काय ताई, तुमचं यंत्र तर तुमच्या विरोधात गेलं."

"ते यंत्र खोटं बोललं होतं, साहेब."

"आणि आज?"

"आज खरं बोलून राह्यलं."

"म्हणजे आकडा आवडला नाही की यंत्र खोटं?" साहेब म्हणाले. केंद्रप्रमुख आकाशाकडं बघून खर्रा चघळत होते. साहेबांचं चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, आणखी वाईट शब्दांत.

मी चाचांकडं गेले. ते शनिवारची दुकानदारी सोडून, स्वतःचं काम बघायला म्हणून आले होते.

"चाचा, टिकल्या काढा."

"काय?"

"पाटी बिघडवा. परवासारखी."

चाचांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांना चांगल्या माणसाचा दात उपटायला सांगितला. "एकदा सुधारलेली चीज मी बिघडवत नाही. चाळीस साल झाले, एकबी नाही बिघडवली."

"चाचा, काटा जाईल."

"काटा जाईल त जाईल. माह्या हातानं नाही."

"मग माझ्या हातानं."

त्यांनी झोळीतून पक्कड काढून माझ्या हातात दिली आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. "पाय वरून काप. आयसीच्या अंगाले लावू नको," ते रस्त्याला म्हणाले. मी तीन टिकल्यांचा एकेक पाय कापला, मोठ्या कॅपॅसिटरचा एक. चार वेळा टक् झालं. चार वेळा चाचांची मान आत गेली. मग पाटीची तार काढून पुन्हा भोंग्याच्या तारेवर लावली.

"साहेब, काट्यावर गाडी आहे?"

"नाही."

"आबाजी, हात वर."

आबाजींनी बटण जमिनीवर ठेवलं आणि दोन्ही हात डोक्यावर धरून उभे राहिले, चोर पकडल्यासारखे. पाटीवर शून्य.

मी माईक उचलला. "साहेब, मी बुधवारी आणि गुरुवारी दिलेला आकडा खोटा होता." पाटीवर चार. "खोटा होता, आणि चूक केंद्रप्रमुखांची नव्हती." सात. "आबाजींचीही नव्हती!" नऊ. "माझी होती!" बारा.

माझ्या आयुष्यातलं ते एकच भाषण असेल ज्याचा परिणाम लगेच दिसला.

रांग हसत होती. साहेब पाटीजवळ गेले, मागं बघितलं, तारा बघितल्या, आबाजींचे वर धरलेले हात बघितले. मग माझ्याकडं हात पुढं केला. "द्या इकडं." माईक घेतला. "हॅलो." तेरा. साहेबांच्या तोंडावर लहान मुलासारखं काहीतरी आलं. "हॅलो, हॅलो." पंधरा. मग त्यांना खोकला आला, आणि खोकल्याच्या दोन गाड्या झाल्या.

"केंद्रप्रमुख, तुम्ही बोला," साहेब म्हणाले.

"मी कायले बोलू साहेब," केंद्रप्रमुख म्हणाले. पण माईक त्यांच्या तोंडापाशीच होता, त्यामुळे अठरा झाले.

"बरं," साहेब माईक खाली ठेवून म्हणाले, "हा आकडा खोटा. खरा कुठं आहे?"

हा प्रश्न मला तीन दिवसांपूर्वी पडायला हवा होता.

"हात खाली घेऊ का?" आबाजींनी विचारलं. घेतले. एका बाजूनं चुन्याची डबी काढली, दुसऱ्या बाजूनं तंबाखूची, आणि धोतराच्या गाठीतून शुक्रवार. साहेबांच्या जीपच्या बॉनेटवर रुमाल अंथरला गेला. सरक्या ओतल्या. बुधवार बावीस. गुरुवार चोवीस. शुक्रवार तेवीस.

"सरकी हा पुरावा होत नाही, साहेब," केंद्रप्रमुख म्हणाले. आबाजींनी हळूच माझ्याकडं बघितलं. मी जीपच्या चाकाकडं बघितलं.

"पावतीपुस्तक आणा मग," साहेब म्हणाले.

"थे वर तपासणीले—"

"वर म्हणजे माझ्याकडं. माझ्याकडं नाही."

पुस्तक आलं. साहेबांनी पावत्या मोजल्या. बुधवार बावीस. शुक्रवार तेवीस. गुरुवार तेवीस.

"गुरुवारी सरक्या चोवीस आहेत," साहेब म्हणाले. "एक जास्त."

सगळे आबाजींकडं वळले. केंद्रप्रमुखांचा चेहरा पुन्हा उजळला.

आबाजींनी तोंडातली सुपारी एका बाजूला घेतली. "गुरुवारी," ते म्हणाले, "चहानंतर ही पोरगी इतक्या जोरानं वरडली का मी दचकलो. हातातली सरकी सुटून डबीत पडली. मंग कोणती ती कशी वळखू? साऱ्या सारख्याच." मग म्हणाले, "मशीनचे एकसष्ट चुकले. माह्यी एक."

साहेब बॉनेटला टेकून हसले. इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग तिथंच, बॉनेटवरच, त्यांनी कागदावर लिहिलं: दैनिक मोजणी सरासरी तेवीस, दुसऱ्या काट्याची आवश्यकता आहे. सही केली. सरकी हा शब्द लिहिला नाही, पण एक सरकी त्यांनी खिशात टाकलेली मी बघितली.

चाचांनी त्या दुपारी चारही पाय पुन्हा जोडले. डाग मला देऊ दिले नाहीत. खिळ्यानं कोरलेली खूण घासून काढली आणि जोडून झाल्यावर पुन्हा कोरली.

सोमवारी मी छापखान्यात गेले. छापखानावाल्यानं कागद घेतला. "या खेपेले कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

"मोठ्या टाइपात का लहान?"

"मोठ्या," मी म्हटलं. मग जरा विचार करून म्हटलं, "मध्यम."

त्यात केंद्रप्रमुखांची यंत्रापुरती माफी होती, पावतीपुस्तकापुरती नव्हती. आबाजींची पूर्ण होती. पहिली प्रत त्यांना नेऊन दिली. त्यांनी नातवाकडून ती वाचून घेतली, दुसऱ्यांदा वाचून घेतली, घडी घातली आणि तंबाखूच्या डबीत ठेवली.

पुढच्या आठवड्यात दुसरा काटा आला. कुठल्याशा बंद पडलेल्या केंद्रातला, जुना, एक चाक मोडलेला, पण काटा. बसवायच्या दिवशी रांग जमली. आबाजींचा कापूस कधीच मोजून झाला होता, तरी आले, आणि बटणापाशी बसले. चाचाही आले. त्यांनी दोन्ही तारा बॅटरीपर्यंत बोटानं चाचपून बघितल्या, वेगळ्या आहेत की नाहीत ते. पहिली बंडी नव्या काट्यावर चढली.

लोक म्हणाले, ताई, बोला दोन शब्द.

मी पाटीकडं तोंड करून माईक हातात घेतला. आबाजींनी सरक्यांच्या डबीचं टोपण लावलं आणि वरून तळहात घट्ट दाबून धरला.